सिस्टीम अपग्रेड झाली आणि जुनी ॲड-इन्स बंद पडली? अनइन्स्टॉल करण्याआधी हे तपासा

ॲड-इन किंवा प्लग-इन म्हणजे एक्सेल, ब्राउझर, संगीताचा प्रोग्राम अशा मूळ प्रोग्रामला जोडलेली जादा सोय. सिस्टीम अपग्रेडनंतर ती बंद पडली असेल, तर आधी लक्षणं बघू. तुमच्याकडे नेमकं काय होतंय हे नीट पाहून ठेवा, कारण पुढचा रस्ता त्यावरच ठरतो.

सगळ्यात जास्त दिसणारं लक्षण म्हणजे मूळ प्रोग्राम व्यवस्थित उघडतो, पण ॲड-इनचा टॅब किंवा मेन्यू गायब असतो. संदेश नाही, इशारा नाही. त्याच्याच जवळचं दुसरं: ॲड-इनचं नाव यादीत आहे, पुढे टिकही आहे, तरी बटणं कुठेच दिसत नाहीत. तिसरं: निर्मात्याची खात्री पटत नाही म्हणून फाइल उघडता येणार नाही, असं सिस्टीम सांगते. चौथं: प्रोग्राम सुरू होताना प्लग-इन तपासण्याच्या टप्प्यावर अडकून बसतो किंवा धाडकन बंद पडतो. पाचवं: अमुक डीएलएल (प्रोग्रामला लागणारी आधाराची फाइल) सापडली नाही, किंवा हा कोड ६४-बिट सिस्टीमसाठी बदलावा लागेल, असा एरर येतो. आणि सहावं: ॲड-इन चालतं, पण लायसन्स पुन्हा मागतं.

ऑफिसात आणि ओळखीपाळखीत ही दुरुस्ती मी इतक्यांदा केली आहे, की आता फोनवर दोन वाक्यं ऐकली तरी अंदाज येतो. त्या अनुभवावरून एक गोष्ट खात्रीने सांगते. ॲड-इन स्वतः बिघडलेलं फार क्वचित असतं. फाइल कालची तीच असते. बदललेलं असतं ते तिच्या आजूबाजूचं. त्यामुळे प्रश्न तीनच उरतात. मूळ प्रोग्रामला ती फाइल सापडत नाही का? सापडते, पण उघडायची परवानगी नाही का? की परवानगीही आहे, पण दोघांची बांधणीच (जुनी ३२-बिट की नवी ६४-बिट, आणि कोणत्या प्रोसेसरसाठी) जुळत नाही?

म्हणूनच कळकळीने सांगते, सुरुवातीलाच ॲड-इन अनइन्स्टॉल करू नका. लोक घाबरून हेच आधी करतात आणि पाच मिनिटांचं काम आठवड्याचं होऊन बसतं. अनइन्स्टॉल करताना अनेकदा लायसन्सची नोंद आणि तुम्ही वर्षानुवर्षं जमवलेली सेटिंग्ज पुसली जातात. मग कळतं की जुना इन्स्टॉलर कुठे ठेवलाय ते आठवत नाही, किंवा तो बनवणाऱ्यांनी काम कधीच बंद केलंय, किंवा ॲक्टिव्हेशनची ठरलेली संख्या संपली आहे. ॲड-इनचं फोल्डर आहे तसं दुसरीकडे कॉपी करून ठेवा आणि मगच पुढे जा.

तारीख बघा

विंडोज अपग्रेड केल्यावर मागच्या आवृत्तीवर परत जायला १० दिवस मिळतात. सेटिंग्जमध्ये सिस्टीम, मग रिकव्हरी, तिथे 'गो बॅक'. तोवर जुनी सिस्टीम 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरमध्ये पडून असते आणि मुदत संपली की ते फोल्डर साफ होतं. डिस्कवर जागा हवी म्हणून कुणी क्लीनअप चालवलं, तर १० दिवसांच्या आतच परतीचा रस्ता बंद होतो. कामाची घाई असेल, उद्याच काही सादर करायचं असेल, तर सरळ मागे जा, काम पूर्ण करा आणि अपग्रेड निवांत वेळी करा. मॅकवर असं एक बटण नाही. तिथे मागे जायचं तर मशीन पुसून जुनी सिस्टीम टाकायची आणि टाइम मशीनच्या बॅकअपमधून माहिती परत आणायची. ते दिवसभराचं काम आहे.

फुकटच्या आणि सोप्या तपासण्या

मशीन एकदा पूर्ण रीस्टार्ट करा आणि अपडेट अर्धवट राहिलं असेल तर होऊ द्या. हे ऐकून लोक कंटाळतात. पण मोठ्या अपग्रेडनंतर पहिल्यांदा लॉगिन केल्यावरही पाठीमागे बरंच काम चालू असतं.

मग मूळ प्रोग्रामचीच बंद यादी उघडा. एक्सेल, वर्ड, आउटलुक यांना एखाद्या ॲड-इनमुळे सुरू व्हायला वेळ लागला किंवा ते एकदा कोसळले, तर ते ॲड-इन ते स्वतःहून बाजूला ठेवतात. अपग्रेडनंतर पहिल्यांदा सुरू होताना सगळंच संथ असतं, त्यामुळे बिचारं ॲड-इन उगाच शिक्षा भोगतं. फाइल, ऑप्शन्स, ॲड-इन्स असं जा. खाली 'मॅनेज' लिहिलेली यादी आहे, तिच्यात 'डिसेबल्ड आयटम्स' निवडून 'गो' दाबा. नाव तिथे असेल तर 'एनेबल' करा. इथे बरेच जण चुकतात, कारण एवढं केल्याने ॲड-इन लगेच चालू होतंच असं नाही. परत त्याच ठिकाणी येऊन या वेळी 'कॉम ॲड-इन्स' निवडा आणि तिथली टिकही बघा. बंद करण्याच्या या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत.

संगीताच्या प्रोग्राममध्येही अशीच यादी असते. तपासताना जे प्लग-इन कोसळलं, त्याचं नाव काळ्या यादीत जातं आणि पुढच्या वेळी प्रोग्राम त्याच्याकडे पाहतच नाही. तुम्ही खरं कारण दूर केलं, तरी नाव तिथून काढून पुन्हा स्कॅन करेपर्यंत ते दिसणार नाही. ॲपलच्या लॉजिक या संगीताच्या प्रोग्राममध्ये हे प्लग-इन मॅनेजरमधून होतं, बाकीच्यांत सेटिंग्जमध्ये असतं. ही तपासणी लक्षात ठेवा. खालचा प्रत्येक उपाय केल्यावर इथे परत यायचं आहे.

परवानगी: टिक आहे, पण बटणं नाहीत

हिशेबाचं काम करणाऱ्या एका मैत्रिणीची गोष्ट सांगते. नवी विंडोज टाकल्यावर तिने आपलं एक्सेलचं जुनं ॲड-इन मेलमधून परत उतरवून घेतलं आणि जागेवर ठेवलं. यादीत नाव आलं, टिकही होती, पण टॅब काही केल्या येईना. तीन वेळा काढून तीन वेळा घातलं. मी तिला त्या फाइलवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडायला सांगितलं. त्या चौकटीच्या अगदी तळाशी, जिथे नजर जात नाही तिथे, एक छोटी ओळ होती: ही फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवरून आली आहे, सुरक्षेसाठी अडवली जाऊ शकते. शेजारी 'अनब्लॉक'ची चौकट. टिक केली, 'अप्लाय' दाबलं, एक्सेल बंद करून उघडलं आणि टॅब हजर.

असं का होतं? इंटरनेटवरून किंवा मेलमधून आलेल्या फाइलला विंडोज एक अदृश्य खूण चिकटवते. २०१६च्या जुलैमधल्या सुरक्षा अपडेटपासून एक्सेल अशी खूण असलेलं ॲड-इन गुपचूप सोडून देतं, आणि २०२२पासून तर इंटरनेटवरून आलेल्या फाइलींमधले मॅक्रो (फाइलच्या आत लिहिलेले छोटे प्रोग्राम) ऑफिस मुळातच अडवतं. जुन्या मशीनवरच्या तुमच्या फाइलवर बहुधा ही खूण नव्हती, म्हणून ती चालत होती. ॲड-इन झिपमध्ये असेल, तर आधी झिप फाइललाच 'अनब्लॉक' करा आणि मग ती उघडा. नाहीतर आतल्या प्रत्येक फाइलला ती खूण लागते आणि एकेक करत बसावं लागतं.

मॅकवर हीच गोष्ट क्वारंटाइन म्हणून ओळखली जाते. मॅकओएसच्या २०१९च्या कॅटालिना आवृत्तीपासून ॲप स्टोअरबाहेरच्या सॉफ्टवेअरला ॲपलकडून नोटरायझेशन, म्हणजे तपासून दिलेला शिक्का, मिळालेलं असावं लागतं. जुनी प्लग-इन त्याआधीची, त्यामुळे त्यांच्यावर तो शिक्का नसतो. पूर्वी कंट्रोल दाबून क्लिक केलं की वाट मिळायची, ती २०२४च्या सिकोयामध्ये बंद झाली. आता प्रोग्राम उघडा, इशारा येऊ द्या, तो बंद करा आणि सिस्टीम सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'च्या खालच्या भागात 'ओपन एनीवे' शोधा. हे बटण इशारा आल्यापासून साधारण तासभरच दिसतं. ते दिसत नाही म्हणणाऱ्यांनी बहुतेक वेळा इशारा काल पाहिलेला असतो. परवानगी दिली की प्रोग्राममध्ये पुन्हा स्कॅन.

परवानगी फक्त त्याच फाइलला द्या जिच्या उगमाची तुम्हाला खात्री आहे. सगळी सुरक्षाच बंद करून टाकण्याचे सल्ले मिळतात, ते मी कधीच पाळत नाही.

फाइल आहे कुठे?

विंडोजवर 'प्रोग्राम फाइल्स' नावाची दोन फोल्डर असतात: साधं नाव ६४-बिटवाल्यांसाठी आणि नावापुढे कंसात एक्स-८६ लिहिलेलं ३२-बिटवाल्यांसाठी. जुना इन्स्टॉलर फाइल दुसऱ्यात टाकतो आणि नवा प्रोग्राम पहिल्यात शोधतो. व्हीएसटी ही संगीताच्या प्लग-इनची एक पद्धत. व्हीएसटी-३ प्लग-इनची जागा ठरलेली आहे, 'कॉमन फाइल्स'मधलं व्हीएसटी-३ फोल्डर. जुन्या व्हीएसटी-२ला मात्र ठरलेली जागा नव्हतीच, ज्याने जिथे टाकलं तिथे. त्यामुळे नव्या प्रोग्रामला तो पत्ता हाताने द्यावा लागतो.

मॅकवर 'लायब्ररी' दोन असतात, एक सगळ्या मशीनची आणि एक तुमच्या खात्याची. दुसरी लपलेली असते. फाइंडरमध्ये 'गो' मेन्यू उघडून ऑप्शन की दाबून धरली की ती दिसते. अपग्रेडच्या निमित्ताने नवं खातं बनवलं असेल, तर जुन्या खात्याच्या लायब्ररीतली प्लग-इन नव्या खात्याला दिसणारच नाहीत.

आणखी एक फसवं कारण म्हणजे वनड्राइव्ह. नवी विंडोज लावताना 'डॉक्युमेंट्स'चा बॅकअप चालू झाला, की त्या फोल्डरचा खरा पत्ता बदलतो. ॲड-इन जुन्याच पत्त्यावर आपली सेटिंग्ज शोधत राहतं. लायसन्स किंवा टेम्प्लेट हरवल्याची तक्रार असेल, तर मी आधी हेच बघते.

बांधणी जुळते का?

खरा गुंता इथे आहे, म्हणून जरा थांबून समजून घ्या. ॲड-इन हा स्वतंत्र प्रोग्राम नसतो. ते मूळ प्रोग्रामच्या पोटात शिरून चालतं. त्यामुळे ६४-बिट प्रोग्रामच्या आत ३२-बिट ॲड-इन चालूच शकत नाही, आणि उलटही नाही. विंडोज स्वतः ३२-बिट प्रोग्राम अजूनही चालवते, म्हणून लोक म्हणतात, "बाकीचं जुनं सगळं चालतंय की!" चालतं, कारण ते आपापलं वेगळं चालतं.

विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्ती निघालेलीच नाही. शिवाय २०१९पासून मुद्दाम निवड केली नाही तर ऑफिस ६४-बिटच बसतं. म्हणजे अपग्रेडच्या झटक्यात तुमचं ३२-बिट ऑफिस जाऊन ६४-बिट आलेलं असू शकतं. फाइल, अकाउंट, 'अबाउट एक्सेल' उघडा. पहिल्याच ओळीत किती बिट ते लिहिलेलं असतं. ॲड-इन ३२-बिटच असेल आणि नवं मिळत नसेल, तर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे ऑफिस काढून ३२-बिट ऑफिस बसवणं. तेच लायसन्स चालतं. फार मोठ्या वर्कबुक वापरत नसाल, तर रोजच्या कामात फरकही जाणवणार नाही.

ॲड-इन व्हीबीएमध्ये (ऑफिसचे मॅक्रो लिहिण्याची भाषा) लिहिलेलं असेल आणि कोड तुमच्या हातात असेल, तर दुरुस्ती शक्य आहे. विंडोजची फंक्शन बोलावणाऱ्या 'डिक्लेअर' ओळींत 'पीटीआर-सेफ' हा शब्द घालावा लागतो. पण नुसता तो शब्द सगळीकडे चिकटवून थांबू नका. खिडकीचे हँडल आणि मेमरीचे पत्ते जिथे 'लाँग'मध्ये ठेवले आहेत, तिथे 'लाँग-पीटीआर' हवा. तो नसेल तर एरर जातो, कोड चालल्यासारखा वाटतो, आणि एखाद्या दिवशी एक्सेल न सेव्ह केलेल्या कामासकट बंद पडतं. एररपेक्षा हे जास्त वाईट.

मॅकवर दोन भिंती आहेत. पहिली कॅटालिनाची: २०१८ची मोहावे ही ३२-बिट सॉफ्टवेअर चालवणारी शेवटची सिस्टीम, त्यापुढे ते अजिबात नाही. दुसरी प्रोसेसरची: २०२०च्या नोव्हेंबरमध्ये एम-१ असलेली मशीन आली, आणि इंटेलसाठी बनवलेलं प्लग-इन नव्या प्रोसेसरसाठीच्या प्रोग्राममध्ये थेट चालत नाही. यावर उपाय आहे. प्रोग्राम निवडून 'गेट इन्फो' उघडा आणि 'ओपन युजिंग रोझेटा'वर टिक करा. मग प्रोग्रामच इंटेलचा म्हणून चालतो आणि जुनी प्लग-इन आत येतात. वेग थोडा कमी होतो. पण ही सोय कायमची नाही. मॅकओएस २७पर्यंतच रोझेटा पूर्णपणे राहील, असं ॲपलने २०२५मध्ये सांगितलं आहे. तेव्हा रोझेटावर चालणाऱ्या प्लग-इनचे आवाज प्रोजेक्टमध्ये ऑडिओ म्हणून उतरवून ठेवायला आत्ताच लागा.

ब्राउझरच्या जुन्या प्लग-इनबद्दल थोडक्यात: क्रोमने एनपीएपीआय ही प्लग-इन जोडण्याची जुनी पद्धत २०१५मध्ये काढली, फायरफॉक्सने नोव्हेंबर २०१७च्या ५७व्या आवृत्तीपासून जुन्या पद्धतीची सगळी ॲड-ऑन बंद केली, फ्लॅश २०२०अखेर संपलं. यांना दुरुस्ती नाही, पर्यायच शोधायचा.

आधाराच्या फाइली

डीएलएल सापडत नाही असं येत असेल, किंवा जुनी सिस्टीम पुसून नवी कोरी टाकली असेल, तर इकडे वळा. जुन्या ॲड-इनला डॉट-नेट ३.५ हा मायक्रोसॉफ्टचा आधाराचा संच लागू शकतो, आणि तो विंडोज १० व ११ मध्ये मुळात चालू नसतो. 'टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ'मध्ये टिक करून घ्या. व्हिज्युअल सी-प्लस-प्लसची (मायक्रोसॉफ्टच्याच आधाराच्या फाइलींची) पॅकेजही बघा. २०१५पासून पुढच्या सगळ्यांना एकच पॅकेज पुरतं, पण २००८, २०१०, २०१२, २०१३ ही प्रत्येकी वेगळी बसवावी लागतात. नवं आहे म्हणून जुनं नको, असं इथे चालत नाही. आणि ॲड-इन ३२-बिट असेल तर पॅकेजही ३२-बिटचंच हवं, मशीन ६४-बिट असलं तरी.

सुटी डीएलएल कुठल्यातरी साइटवरून उतरवून सिस्टीमच्या फोल्डरमध्ये टाकू नका. ती कुणी बनवली, आत काय आहे, काही कळत नाही. पॅकेज मूळ कंपनीकडूनच घ्या.

कोसळतंय, पण कोणामुळे?

डझनावारी प्लग-इन असतील तर एकेक तपासू नका, निम्मे-निम्मे करा. सगळी प्लग-इन फोल्डरमधून बाहेर काढून ठेवा, निम्मी परत घाला, प्रोग्राम उघडा. कोसळला तर चोर त्या निम्म्यात, नाही तर उरलेल्यात. ३२ प्लग-इन असली तरी ५ फेऱ्यांत एकावर बोट ठेवता येतं. दोन दोषी असतील तर फेऱ्या वाढतात, म्हणून एक सापडल्यावर बाकी सगळी घालून एकदा खात्री करा.

विंडोजवर 'इव्हेंट व्ह्यूअर'ही मदत करतो. 'विंडोज लॉग्ज', मग 'ॲप्लिकेशन', तिथे लाल खुणेची १००० क्रमांकाची नोंद उघडा. 'फॉल्टिंग मॉड्यूल'पुढे फाइलचं नाव असतं. ते तुमच्या ॲड-इनचं असेल तर शोध संपला. विंडोजच्याच एखाद्या फाइलचं असेल, तर लगेच विंडोजला दोष देऊ नका. चुकीची गोष्ट तिच्या हातात कुणी दिली हे त्या ओळीवरून कळत नाही, आणि मग निम्मे-निम्मेच करावं लागतं.

आता पुन्हा इन्स्टॉल

इथवर येऊनही जमलं नाही, तरच. आधी लायसन्स 'डीॲक्टिव्हेट' करा, मग काढा, रीस्टार्ट करा आणि बनवणाऱ्याकडची सर्वांत नवी आवृत्ती घ्या. जुना इन्स्टॉलर सिस्टीमची आवृत्ती पाहून नकार देत असेल, तर त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये 'कॉम्पॅटिबिलिटी' टॅबवर जुनी विंडोज निवडून चालवा. या युक्तीने इन्स्टॉलर पुढे सरकतो, एवढंच. बांधणी जुळत नसेल तर ॲड-इन चालणार नाही.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

ॲड-इनसोबत यूएसबीला लावायचं लायसन्सचं डाँगल असेल आणि त्याचा ड्रायव्हर बसत नसेल, तर थांबा. विंडोजमधली 'मेमरी इंटेग्रिटी' नावाची सुरक्षा जुने ड्रायव्हर अडवते, आणि नव्या मॅकवर जुन्या कर्नल एक्स्टेन्शनसाठी (सिस्टीमच्या गाभ्यात शिरणाऱ्या ड्रायव्हरसाठी) रिकव्हरीत जाऊन सुरक्षा कमी करावी लागते. दोन्ही गोष्टी करता येतात, पण त्यांचा परिणाम सगळ्या मशीनवर होतो. आधी डाँगल बनवणाऱ्यांकडे नवा ड्रायव्हर आहे का ते विचारा.

मशीन कंपनीचं असेल आणि सेटिंग करड्या रंगात दिसून बदलत नसेल, तर ते आयटी विभागाने मुद्दाम बंद केलेलं आहे, त्यांनाच सांगा. रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या मूळ नोंदवहीत) हात घालण्याची वेळ आली आणि बॅकअप नसेल, तर पुढे जाऊ नका. व्हीबीएचा कोड पासवर्डने बंद असेल, तर तो ज्याने लिहिला त्याला शोधा. आणि तुमच्या फाइली त्या ॲड-इनशिवाय उघडतच नसतील, तर प्रयोग त्यांच्या कॉपीवर करा आणि जाणकार येईपर्यंत मूळ फाइलला हात लावू नका.

बनवणाऱ्यांना लिहिताना एवढं द्या: सिस्टीमची आधीची आणि आताची आवृत्ती, मूळ प्रोग्रामची आवृत्ती आणि बिट, ॲड-इनची आवृत्ती, संदेशाचा फोटो आणि वरचं काय काय करून झालं. 'चालत नाही' एवढंच लिहिलं, तर पहिली चार उत्तरं हेच प्रश्न विचारण्यात जातात.

बनवणारेच उरले नसतील, तर व्हर्च्युअल मशीनमध्ये (तुमच्या मशीनच्या आत सॉफ्टवेअरने चालणाऱ्या वेगळ्या कॉम्प्युटरमध्ये) जुनी सिस्टीम, जुना प्रोग्राम आणि ते ॲड-इन असं एकत्र बसवून घ्या. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आहे, त्यामुळे त्या व्हर्च्युअल मशीनचं नेटवर्क बंद ठेवा, फाइलींची देवाणघेवाण एकाच सामायिक फोल्डरमधून करा आणि सगळं चालतंय असं दिसलं की लगेच त्याचा स्नॅपशॉट, म्हणजे आहे त्या स्थितीची प्रत, घ्या.